फाडायची होती ती तीन पाने

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेपन्न, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा शिवणकाम आणि गोष्टी लिहिणे, हे मृत्युपत्र ठणठणीत तब्येतीत, माझ्या डोक्याने लिहीत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघावा. अर्धे काम टाकून उठायची मला सवय नाही, म्हणून आत्ताच.

१. राहत्या दोन खोल्या धाकट्या बहिणीला. गळका नळही तिचाच.

२. दुकान आणि चारही पायमशिनं माझ्याकडे शिवणाऱ्या चौघींना, सारखी वाटून. अट एकच. गोष्ट लिहिणारं कोणीही आलं तर त्याला कापायच्या टेबलापाशी बसवून मोठ्याने वाचायला लावावे आणि आपण शिवत राहावे. माझी तिन्ही पुस्तके अशीच झाली. मशिनं थांबली की गोष्ट जमली. परत सुरू झाली की तिथे खडूची खूण, आणि दुसऱ्या दिवशी कात्री. तोंडाने सगळ्या म्हणतात, "छान आहे हो ताई." पाय खोटे बोलत नाहीत.

३. थोरल्या भावाला माझ्या दुसऱ्या पुस्तकाची प्रत. "चौथी पास बाई काय लिहिणार," असे तो भर पंगतीत म्हणाला होता. त्यातला खडूस घरमालक तोच आहे. मी फक्त त्याची मिशी काढून टाकली. त्याने दोनदा वाचले आणि म्हणाला, "असली माणसं असतात गं." माणूस खरा घ्यावा, मिशी बदलावी. तेवढे पुरते.

४. ज्या छापखानेवाल्याने माझ्या गोष्टीच्या शेवटी न विचारता तात्पर्य चिकटवले, त्याला काही नाही.

५. माझे तीन पायांचे स्टूल बहिणीच्या मुलीला. दुकान उघडण्याआधी रोज अर्धा तास मी त्यावर बसून लिहिले. शिंपिणीचा मूड नाही म्हणून कोणाचा लग्नातला कोट अडला नाही, मग गोष्ट का अडावी? आधी सगळीकडे कच्ची टीप घालावी. बाही लागली नसताना काजे करत बसू नये.

६. हे सरळ लिहिते. चार वर्षांपूर्वी याच भाचीने तिची पहिली गोष्ट दुकानात वाचली. तीन पाने मशिनं खडखडत होती. चौथ्या पानावर बाप रुसलेल्या मुलीचे बूट पुसतो, तिथे चारही थांबली. मी तोंडात टाचण्या धरून घाईत म्हणाले, "फाडून टाक." मला पहिली तीन पाने म्हणायचे होते. तिने घरी जाऊन सगळी गोष्ट फाडली आणि पुन्हा लिहिले नाही. चूक माझी. चौथे पान मला पाठ आहे. ते लिहून सोबत जोडले आहे. तिचे तिला परत.

७. खोडले.

जोड: या कागदाची स्वच्छ प्रत भाचीनेच केली. कलम सहापाशी तिचे पेन बराच वेळ थांबले. कलम सात म्हणजे मेहनतीवर माझे दीड पान होते. तिथे तिने खडू मागितला.

"मावशी, इथे मशिनं सुरू झाली."

"माझं मृत्युपत्र आहे ते."

"म्हणूनच. लोक रडायचे सोडून पेंगतील."

पुन्हा वाचले. बरोबर आहे. माझी कात्री आजच तिला दिली. स्टूल तर ती सकाळीच उचलून घेऊन गेली, त्यामुळे ही सही मी उभ्याने करत आहे.

सही: (शिवणवाली मावशी)

साक्षीदार:
१. समोरचे घड्याळजी. वाचताना एकदाही घड्याळ पाहिले नाही, असे लिहून देतो.
२. औषधाच्या दुकानातली बाई. माझ्यादेखत सही झाली. उभ्यानेच.

ठिकाण: दुकान, कापायचे टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर, मंगळवार