दोन नंबरची सेटिंग

रोहा, मंगळवार

आईस दिपिकाचा नमस्कार.

मी बरी हाय, दोन्ही वेळ पोटभर जेवते. बाबांचे मिठागरात चिरलेले पाय बरे झाले का?

फोनवर रडू आलं असतं म्हणून लिहिते. स्टुडिओतल्या नव्या कॅमेऱ्यानं जीव नकोसा केलाय. त्याची बटणं मालकांनी स्वतःच्या सवयीनं लावून ठेवलीत. परवा एका लग्नात नवरा-नवरी हार घालत असताना मी फोकसचं समजून भलतंच बटण दाबलं. सगळे फोटो धूसर आले. मालक म्हणाले, "पुन्हा चुकलीस तर कॅमेरा नाही, नुसते दिवे धरायचे."

कॅमेऱ्याच्या गोल डायलवर मालकांची सेटिंग एक नंबरला हाय, दोन नंबरची जागा मोकळी होती. आज न विचारता तिथं माझ्या बोटांना जमेल तशी बटणांची सेटिंग साठवली. ओरडले तर ओरडू देत. रविवारी पेणच्या लग्नात दिवे धरणार नाय.

तुझी हट्टी,
दिपिका