वारुळावरच्या छत्र्या आणि माझी लबाडी

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही असताना मी तुम्हाला चार ओळीही कधी लिहिल्या नाहीत. मग आजच का? कारण आज बांधावरच्या वारुळाभोवती पांढऱ्या छत्र्या उगवल्यात. तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्याच. आणि मला एक कबुली द्यायची आहे. तुम्ही समोर असतात तर जमलं नसतं.

आठवतो माझा पिंपळगाव रेणुकाईतला पहिला श्रावण? शेळ्या चारून आलात ते या छत्र्यांनी पदराची झोळी भरूनच. "माय, श्रावणात मटन न्हाई म्हनून काय झालं? आज असं कोरड्यास करू की बोटं चाटशील!" आणि मी, जालन्यात वाढलेली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी तुमची नवी सून, किंचाळलेच. आमच्या माहेरी असल्या झाडून सगळ्यांना कुत्र्याची छत्री म्हणायचे. चुकून हात लागला तर साबणानं धुवायला लावायचे. मी तिथल्या तिथे तुम्हाला व्याख्यान झोडलं, विषारी छत्र्या हुबेहूब अशाच दिसतात, माणूस दगावतो वगैरे.

तुम्ही शांतपणे एक छत्री माझ्यापुढे धरलीत. "ही मुळी बघ. लांब हाय का न्हाई? खुरप्यानं उकरत गेलं की पार वारुळात जाते. उकिरड्यावरलीला अशी नसती. ती मी पन खात न्हाई."

मी ऐकून घेतलंच नाही. सगळ्या नेऊन उकिरड्यावर टाकल्या. दिवसभर उन्हापावसात हिंडलेल्या बाईची हौस होती ती! तुम्ही काय म्हणालात? "बरं माय. तू शिकलेली हायेस." भांडला असतात तर किती बरं झालं असतं!

आता कबुली. त्यातली एक उमलू लागलेली छत्री मी गुपचूप ठेवून घेतली होती, तुम्हाला चुकीचं ठरवायला. देठ कापून टोपी काचेवर ठेवली, वर वाटी झाकली. टोपीखालच्या पापुद्र्यांतून बारीक भुकटी गळते. ते तिचं बी. जात ओळखताना आम्ही त्या भुकटीचा रंगही बघतो. आपल्या उकिरड्यावरच्या विषारी छत्रीची भुकटी हिरवट पडते. दुसऱ्या दिवशी वाटी उचलली, तर फिकट गुलाबी! मुळी, वारूळ, रंग, सगळं पुस्तकाशी जुळलं. तुमचं बरोबर होतं, आत्याबाई, शंभर टक्के. आणि मी ती काच धुऊन टाकली.

का नाही सांगितलं? अंगात एम.एस्सी. भिनली होती, दुसरं काय! नंतर तुम्ही कधीच छत्र्या घरी आणल्या नाहीत. मला वाटलं, सासूबाईंना पटलं. तुमच्या तेराव्याला शेजारच्या गयाबाईंनी सांगितलं, "तुझी सासू दर साली माझ्याकडं येऊन रांधायची. म्हनायची, सुनंला भ्याव वाटतं, तिच्या समोर नको." मला तिथेच रडू फुटलं. अहो, माझ्यावर रागवायचं तरी!

आणि तुम्ही उमललेल्या छत्र्या कधी खुडायच्या नाहीत. "मुंग्यांचं वावर हाय ते. आपन निस्ता वानोळा न्यायचा." मी वर्गात तासभर घसा कोरडा करते ते याच्याचसाठी. तुमच्या मुंग्या म्हणजे वाळवी. ती वारुळात बुरशी पिकवते, ही छत्री त्याच बुरशीचं फळ, आणि बुरशी तिला पालापाचोळा कुजवून देते. बुरशी नसती तर वाळलेली लाकडं आणि पालापाचोळा कुजलाच नसता, मातीला परत काही मिळालंच नसतं. तुम्हाला हे एका वाक्यात जमायचं.

आज मी कॉलेजातल्या पोरींना घेऊन त्याच बांधावर गेले. एकीनं लगेच उकिरड्यावरची आणून विचारलं, "मॅडम, ही पन तीच का?" म्हटलं, आधी मुळी दाखव. तोंडून तुमचंच वाक्य निघालं, बघा!

मग नमुना बाटलीत ठेवला आणि चिठ्ठी भरायला घेतली. जात, ठिकाण, तारीख. शेवटची ओळ, ओळख पटवणाऱ्याचं नाव. तिथे मी नेहमी माझं नाव पदवीसकट लिहिते. आज पेन थांबलं. मग लिहिलं, सरूबाई, पिंपळगाव रेणुकाई.

एका पोरीनं वाकून वाचलं. "मॅडम, ह्या कोन्त्या कॉलेजला हायेत?"

डोळे पुसले आणि म्हटलं, "माझ्या सासूबाई आहेत."

आत्याबाई, लबाडी पदरात घ्या. शब्द देते, उद्या मिटलेल्या तेवढ्याच खुडीन, एकेकीची मुळी वारुळापर्यंत बघीन, आणि त्या आपल्याच घरात शिजवीन, दार सताड उघडं ठेवून. गयाबाईंना शेजारी बसवून घेईन. आणि पहिला घास मी खाईन.

तुमची, तुमच्या समोर कबुली द्यायला भ्यालेली,
सून