वहीतला दूधभात

माय, यंदाही मी वर्गात फळ्यावर तोच शब्द लिहिला. कालवणे. दरवर्षी लिहिते. पुस्तकात त्याचा अर्थ ‘मिसळणे’ असा एका शब्दात उरकलेला आहे, म्हणून मी पोरांना सांगते, पुस्तकं मिटा आणि तुमच्या घरी कोण काय कालवतं ते बोला. मग आमची वाटूर गावची पोरं सुटतात. कुणाचा आजा म्हशीला सरकी-भुसा कालवून घालतो. कुणाची बहीण चहाच्या पाण्यात मेंदी कालवते. एकाचा बाप फवारणीचं औषध काठीनं कालवतो, कारण हातानं कालवलं की घरात भांडण होतं. एकानं तर उभं राहून सांगितलं, आजी म्हणते चुलतीनं घरात विष कालवलं. चुलती आमच्याच शाळेत खिचडी शिजवायला असते, तेव्हा वाक्य शंभर टक्के बरोबर असूनही मी त्याला घाईघाईनं खाली बसवलं. आणि मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. हात पाठीमागं बांधून, मान वर करून म्हणाली, “बाई, माझी माय माल कालवती. गवंड्याच्या हाताखाली.” मी म्हणाले, बरोबर, बस. आणि पुढच्या शब्दाकडं वळले. वळले खरी, पण तास संपेपर्यंत माझं चित्त काही फळ्यावर नव्हतं. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

तुझ्यासारखा माल जालन्यात कुणी कालवत नव्हतं, हे मी लेक म्हणून सांगत नाही, भिंती बांधणारे मिस्त्रीचाचा सांगायचे. बाबा वारल्यावर आपण केदारखेड्याहून जालन्याला आलो, मस्तगडाजवळ एका खोलीत राहायला लागलो आणि तू त्या मिस्त्रीचाचांच्या कामावर जायला लागलीस. बाकीच्या बाया घमेली वाहायच्या. फावडं बाप्यांच्या हातात असायचं. तुझ्या हातात ते कसं आलं ते मला माहीत नाही, पण मला आठवतं तेव्हापासून ते तुझ्याच हातात आहे. तू आधी वाळू चाळून घेतेस. तिच्यावर सिमेंट पसरतेस आणि पाण्याचा थेंब न घालता सगळा ढीग या बाजूचा त्या बाजूला ओढतेस, परत इकडं आणतेस, परत तिकडं नेतेस. तीनदा. मग खाली वाकून चिमूट उचलतेस आणि उन्हात धरून बघतेस. वाळूचा पिवळेपणा कुठं दिसला की चौथ्यांदा. सगळं एकरंग झाल्यावरच मधे आळं करून पाणी, तेही सांडेल अशा भीतीनं ओतल्यासारखं.

घरीही तुझा हाच कायदा होता. मी पहिल्यांदा येसराची आमटी करायला घेतली तेव्हा मसाल्याच्या पिठावर भसकन तांब्याभर पाणी ओतलं आणि पातेल्यात बोराएवढ्या गुठळ्या झाल्या. तू नुकतीच कामावरून आली होतीस, हातपायही धुतले नव्हते. म्हणालीस, “आधी कोरडं कालव की गं. तिखट, मीठ, येसर, समदं एक होऊ दे. पाणी काय पळून चाल्लंय का?” मी तोंड वाकडं केलं. तू ती गुठळ्यांची आमटी तशीच ताटलीत वाढून घेतलीस, भाकरी कुस्करून तिच्यात कालवलीस आणि प्रत्येक गुठळी बोटांनी शोधून फोडत बसलीस. सिमेंटनं तुझ्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या, त्यात तिखट शिरत होतं. तू नुसतं स्स करायचीस आणि पुढचा घास घ्यायचीस. आज माझ्या आमटीत गुठळी सापडली तर दाखव.

आणि तो दिवस मी कशी विसरेन? शाळेला सुट्टी होती, मी तुझी भाकरी घेऊन कामावर आले होते. मस्तगडावरच एका दुमजली घराचं काम चाललं होतं. जेवणाआधी ठेकेदारानं घाई करून जास्तीचा माल कालवायला लावला आणि सगळे जेवून उठेपर्यंत तो घट्ट व्हायला लागला होता. ठेकेदार म्हणाला, “पाणी मार अन् फिरव परत. जल्दी.” तू म्हणालीस, “न्हाई व्हायचं. ह्यो आता धरत न्हाई.” तो म्हणाला, “भिंतीला कळतंय का?” तू म्हणालीस, “मला कळतंय ना.” आणि तो सगळा माल घमेल्यात भरून तू बाजूच्या खड्ड्यात टाकून दिलास, एकेक घमेलं, त्याच्या डोळ्यांदेखत. मी हातात भाकरीचं फडकं धरून उभी होते. त्यानं तुला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. तू फावडं धुतलंस, भिंतीला टेकवून ठेवलंस आणि माझा हात धरून चालायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी तू घरीच होतीस. अकराच्या सुमारास मिस्त्रीचाचा स्वतः सायकलवर आले. सकाळपासून त्यांनी थापीच उचलली नव्हती. दुसऱ्यानं कालवलेला माल हातावर घेतला, बोटांनी चोळून पाहिला आणि खाली टाकून दिला होता. ठेकेदाराला म्हणाले होते, “मेरे कू उस बाई के हात का माल होना. उसकू बुलाव, नै तो मैं बी चल्या.” हे तुला सांगताना ते हसत होते आणि तू पदर तोंडाला लावून उगीच कोपऱ्यातली घागर हलवत होतीस. मला तेव्हा काय वाटलं ते सांगू? वाटलं, मस्तगडाच्या चौकात उभं राहून ओरडून सांगावं की ही माझी माय आहे.

ओरडले मात्र नाही. उलट त्याच वर्षी, सातवीत, बाईंनी ‘कालवणे’चं वाक्य करायला सांगितलं आणि शेजारी व्यापाऱ्यांच्या मुली बसलेल्या पाहून मी लिहिलं, ‘माझी आई दूधभात कालवते.’ आपल्याकडं दूध चहापुरतं यायचं, भात सणाला व्हायचा. बाईंनी लाल शाईनं ‘छान’ लिहिलं. मी ते दाखवायला वही घरी नाचवत आणली आणि वाचता येत नव्हतं म्हणून तू विचारलंस, “काय लिवलंस गं?” तुझे हात तेव्हा गोडेतेलानं माखलेले होते, तू चिरा भरत बसली होतीस. त्या हातांकडं बघून मी म्हणाले, “लिहिलंय, माझी आई माल कालवते.” तू तेलाचे हात पदराला पुसलेस. मग म्हणालीस, “वहीत लिवलं? शाळंच्या?” वर्ष संपल्यावर ती वही तू रद्दीत जाऊ दिली नाहीस. कामावर नेऊन मिस्त्रीचाचांना दाखवलीस. त्यांना फक्त उर्दू वाचता यायचं, त्यांनी पान उलटंसुलटं करून मान डोलावली. मग वही तुझ्या पत्र्याच्या पेटीत गेली.

मी शिक्षिका झाले तेव्हा तू मला लाल शाईचा पेन दिलास. म्हणालीस, “बराबर आसंल तरच बराबर म्हण. पोरांला फसवू नको.” तुला वाटत होतं तू साधंच काही बोलत आहेस, मला मात्र ती वही आठवली.

पुढं एका कचेरीत तुझा अंगठा हवा होता. तू चारदा लावलास आणि चारही वेळा कागदावर नुसता शाईचा ठिपका उठला. कारकून म्हणाला, “बाई, तुमच्या अंगठ्याला रेघाच न्हाईत.” सिमेंटनं खाल्ल्या होत्या. दुसरी कुणी असती तर रडली असती. तू त्याला म्हणालीस, “मंग मी सही शिकून येते,” आणि त्याच आठवड्यात पाटी घेऊन साक्षरतेच्या वर्गाला जाऊन बसलीस. पंचेचाळिशी उलटलेली होती. मला तुझा अभिमान वाटला आणि माय, तितकीच भीतीही वाटली. सहीवर तू थांबली नाहीस. दुकानांच्या पाट्या वाचायला लागलीस, बसच्या पाट्या वाचायला लागलीस. एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ती जुनी वही टाकून देऊ का, वाळवी लागेल. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, “राहू दे. माझी हाय ती.”

तुझं तेरावं झाल्यावर मी पेटी उघडली. वही तुझ्या चांगल्या लुगड्यात गुंडाळलेली होती आणि पानाचा कोपरा दुमडलेला होता. ‘माझी आई दूधभात कालवते.’ बाजूला लाल शाईतलं ‘छान’. आणि त्याच्या खाली शिसपेन्सिलीनं, रेघेच्या बाहेर जाणारी मोठी मोठी अक्षरं, इतकी दाबून काढलेली की मागच्या पानावर उठली होती. ‘माल बी कालवती.’ माझं वाक्य तू खोडलं नव्हतंस. त्याच्यावर साधी रेघही मारली नव्हतीस. मी तशीच पेटीला टेकून बसून राहिले, आणि खरं सांगते, रडता रडता हसूही आलं. किती ऐटीत लिहिलं होतंस ते.

त्यानंतर इतकी वर्षं वर्गात मी तुझं वाक्य कधी सांगितलं नाही. लाज वाटत होती ती तुझ्या कामाची नव्हे, माझ्या खोट्याची. ते वाक्य तू स्वतः लिहिलंस, आयतं उचलून मी कसं मिरवू, असं वाटायचं. पण आज त्या मुलीची वर केलेली मान बघितली. उद्या पहिल्याच तासाला तिला पुन्हा उभी करणार आहे आणि तिच्या वाक्याखाली तुझं वाक्य लिहिणार आहे, तू लिहिलंस तस्संच, ‘बी’सकट.

हे पत्र कुठं पाठवायचं? वहीच्या त्याच पानात ठेवते. तुझ्या वाक्यापुढं लाल पेनानं बरोबरची खूण करायला आत्ता टोपण काढलं होतं, पण आधी माझं देणं आहे. मी तुला खोटं वाचून दाखवलं होतं, माय. तुला ते कळलं होतं, हेही मला ठाऊक आहे. तरी मी हे तोंडानं कधी म्हणाले नव्हते, म्हणून आज लिहून देते.