दुसरा उकार उतरला

३ फेब्रुवारी, सोमवार

आजही दोनदा ओढून पाहिलं. मुलगा बाहेरून कुलूप लावतो, त्याला दोन हिसके देतो, मग जिन्यावर बुटांचा आवाज. सूनबाई आणि नात त्याच्या आधीच निघालेल्या असतात. मी आत, कप हातात धरून, बंद दाराकडे बघत. आगारात लावून ठेवलेल्या गाडीसारखा.

त्यांच्या मनात वाईट नाही, हे कळतं. एकदा मी बसमध्ये चढलो, डोळा लागला, शेवटच्या थांब्यावर उतरलो आणि तिथल्याच बाकावर गाड्या बघत बसून राहिलो. फोन घरी. इकडे शेजारीपाजारी, पोलीस, सगळी पळापळ. "बाबा, तुम्ही हरवला होता." हरवलो कसला! जन्मभर मी तीच बस त्याच रस्त्याने हाकली. पण ऐकतो कोण. तेव्हापासून कुलूप.

४ फेब्रुवारी

नातीला – ती एका जागी बसत नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणतो, पाचवीत आहे – शुद्धलेखनात वीसपैकी सहा. पानभर लाल गोल, वहीला कांजिण्या आल्यासारखे. सूनबाई म्हणाली, "चौदा तारखेला परत श्रुतलेखन आहे. तेव्हाही असंच झालं तर शाळेतून थेट शिकवणीला. संध्याकाळी मी घेऊन येत जाईन."

म्हणजे दुपारी कुलूप उघडायला कोणी येणार नाही. किल्ली भिंगरीच्या दप्तरात असते. ती शाळेतून येते, म्हणून माझा दिवस निम्माच बंद असतो. आता पोरीच्या वेलांट्यांवर माझं दार लटकलंय.

"मी घेतो तिचं शुद्धलेखन," म्हटलं.

"बाबा, तुम्ही?" – मुलगा. हसला नाही, पण हसू गिळलेलं दिसलं.

५ फेब्रुवारी

शाळेत मी गेलो न गेल्यासारखाच. वाचायला शिकलो ते बसच्या पाट्यांवरून. त्यामुळे मला नियम सांगता येत नाहीत. गाडी सांगता येते.

जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकामागे एक लावल्या. झाली बस. पहिला शब्द चढला – फूल. "फू खिडकीशी बसलाय, ऐसपैस, पाय पसरून. कोणता उकार?" "दुसरा." "बरोबर. आता थांब्यावर 'ला' उभा आहे, त्याला चढायचंय." आणि मी जुना आवाज काढला – "चला, सरकून घ्या, सरकून घ्या!" भिंगरीने पाय पोटाशी घेतले, स्वतःशी पुटपुटली – फुलाला – आणि किंचाळलीच. "आबा, पहिला झाला!"

गर्दी झाली की पाय आवरायचे. एवढंच तर आहे.

मग मूल चढलं, बूट चढला, गरीब चढला. वकिलाला चढवताना खुर्ची आडवी झाली. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकलं गेलं. भिंगरी म्हणाली, "त्यांनापण चढायचंय."

६ फेब्रुवारी

आज तिने मला अडवलं. पाणी, गाणी, राणी, शेवटी सगळ्यांची दुसरी वेलांटी. मग 'आणि'चीच पहिली का? कपाळावर आठ्या घालून बसलो. मग सुचलं. "तिच्या मागे कायम कोणीतरी चढायचं बाकी असतं. ती बिचारी पाय कशी पसरणार?"

"आईसारखं," म्हणाली. खरंच की.

८ फेब्रुवारी

आज शनिवार, तिची शाळा लवकर सुटली. खिडकीच्या गजांना नाक लावून दोघं पाट्या वाचत बसलो. चूक सापडेल त्याला एक चिंच-गोळी. समोरच्या दुकानावर 'ताजे दुध' – गोळी तिला. कोपऱ्यावर 'सायकल दुरूस्त करून मिळेल' – तीही तिलाच, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

"ज्याला दुरुस्त लिहिता येत नाही, तो दुरुस्त काय करणार?"

"हात चांगला आहे गं त्याचा." मी रोज जाऊन बसायचो त्याच्याकडे. आज गजांतून हात हलवला. त्याने वर बघितलं नाही. चाकात हवा भरत होता.

१० फेब्रुवारी

नवा खेळ. किल्ली तिच्याकडे, शब्द माझ्याकडे. ती दाराबाहेर, मी दाराआड. मी शब्द सांगायचा, तिने दारावर वाजवून दाखवायचा – पहिला उकार किंवा पहिली वेलांटी असेल तर एकदा टक, दुसरी असेल तर नख लांब ओढायचं. बरोबर आलं तरच कुलूप उघडायचं. चुकलं तर दुसरा शब्द.

आज नेमका 'कुलूप' दिला. टक. सर्रर्र. शाबास! "आता त्यात 'त' चढव." टक. मग काहीच नाही.

"आबा, कुलपात... लूचा उकार कुठे गेला?"

"उतरला. इतकी गर्दी झाली की बसायला जागाच उरली नाही."

कुलूप उघडता उघडता ती म्हणाली, "मग तुम्ही का नाही उतरत?"

"माझा थांबा यायचाय," म्हटलं. बोलायला काय जातं.

११ फेब्रुवारी

चार शब्द चुकले. इतका वेळ जिन्यात उभी होती पोर, शेवटी मीच म्हटलं, उघड आता. "नाही," म्हणाली. "खेळ म्हणजे खेळ." कुलपाच्या दोन्ही बाजूंना दोघं अडकून बसलो.

१४ फेब्रुवारी

वीसपैकी एकोणीस!! दारावर टकटक नाही, धडाधडा बुक्क्याच. 'आणि' बरोबर. 'दुरुस्त' बरोबर. एक 'विहीर' तेवढी पाय आखडून बसली. खाली वाक्यात उपयोग करायचे होते, तिथेही लाल गोल नाही. बाईंनी उद्या आईबाबांना बोलावलंय. कौतुक करायलाच असणार. मी हवेत.

१५ फेब्रुवारी

दोघं शाळेतून परत आली. सूनबाई आत गेली. मुलाने बूट काढले, परत घातले, परत काढले.

'कुलूप' शब्दाचा वाक्यात उपयोग करायचा होता. भिंगरीने लिहिलं – माझे आजोबा कुलपात राहतात.

बाई म्हणे शांतपणे म्हणाल्या, "सगळं शुद्ध आहे. वाक्य खरं आहे का, एवढंच विचारायचं होतं."

"तुम्ही शिकवलंत हे तिला?" – मुलगा.

"मी उकार शिकवले."

"आम्ही काय डांबून ठेवलंय तुम्हाला?" सूनबाई आतूनच म्हणाली. आवाज कापत होता. तिला त्या दिवशी रस्तोरस्ती मला शोधत फिरावं लागलं होतं, ते मी विसरलेलो नाही.

भिंगरी एकेकाचं तोंड बघत होती. "पण चूक कुठे आहे त्यात?"

१७ फेब्रुवारी

शिकवणी लावलीच. शब्द आता येतात तिला, वाक्यं कशी लिहायची ते शिकायचंय म्हणे. किल्ली दप्तरातून निघून मुलाच्या खिशात गेली. कुलूप, दोन हिसके. संध्याकाळपर्यंत दारावर कोणी वाजवलं नाही. खुर्च्या टेबलाभोवती गोल. मीच दिवसभर नखाने टेबलावर ओढत बसलो. दुसरा उकार, दुसरा उकार, दुसरा उकार.

१८ फेब्रुवारी

मुलगा कामावरून आला आणि माझ्या खोलीच्या दारातच उभा राहिला. मला वाटलं, औषधाचं विचारेल.

"बाबा, 'कुलुपात' नाही का होत?"

"तसंही लिहितात काहीजण. पण बोलताना लूचा उकार गळतोच."

"का?"

सांगितली मग गाडीची गोष्ट. फू, खिडकी, पसरलेले पाय. 'सरकून घ्या' म्हटल्यावर त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "मला तुमच्या मागच्या सीटवर बसवायचात. मीपण ओरडायचो तुमच्याबरोबर."

"माझ्यापेक्षा मोठ्याने. लोक मागे सरकायचे ते तुला भिऊन."

हसला. किल्ली बोटात फिरवत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "परत डोळा लागला तर?"

"तर शेवटच्या थांब्यावर उठेन. गाडी त्याच्या पुढे जात नाही रे."

दिवा लावून गेला. बाहेर अंधार पडलाय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मी कप धरून त्या दोन हिसक्यांची वाट बघत बसलो. थेट जिन्यावर बूट वाजले. मधलं काहीच नाही.

अजून उठलो नाही. आधी हे लिहून काढलं. चपला कुठे ठेवल्यात कोण जाणे.