शेवटचं ताट

प्रिय बाई,

तुम्ही जाऊन महिना झाला. काल तुमच्या भावानं तुमच्या वह्यांचं खोकं माझ्या घरी आणून दिलं. उमरीची वही उघडली आणि माझंच जुनं अक्षर समोर आलं. म्हणून हे पत्र.

त्या वर्षी मी तुमच्या हाताखाली नवी होते. घरोघरी बसून बायकांचं जेवण तोलायचं आणि लिहायचं, हे काम. उमरीतल्या एका घरी दुपार कलली तरी सून जेवायला बसेना. मला नांदेडची गाडी गाठायची होती. सासू म्हणाली, "समद्यालाच भाजी असती की. लिव्हा एक वाटी." मी सुनेच्या नावापुढे तेवढी भाजी लिहिली आणि निघाले.

त्या ओळीसमोर तुमच्या लाल शाईत आहे, 'हे ताट कोणी पाहिलं?'

म्हणजे तुम्हाला कळलं होतं! मग मला बोलला का नाहीत? "उद्या परत उमरीला जाऊ," एवढंच म्हणालात. मला वाटलं, वजनकाटा बिघडला असेल. दुसऱ्या दिवशी आपण चुलीपाशी बसून राहिलो. पुरुष जेवले, पोरं जेवली, सासू जेवली. सगळ्यांत शेवटी सुनेनं भाकरीवर चटणी घेतली. अंबाडीची भाजी संपली होती. "माझं काय लिहिता ताई, उरलं तर खाते," ती म्हणाली.

अंबाडीतलं लोह प्रयोगशाळेत कोणीही मोजलं असतं. ते बाईच्या ताटात येतं का आणि आलं तर अंगी किती लागतं, हे आपल्या भागात पहिल्यांदा तुम्ही तपासलंत. लोह अंगी लागावं म्हणून जेवताना लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको, असं सांगत फिरलात. लोक 'लिंबूवाल्या बाई' म्हणायचे आणि तुम्ही खूश व्हायचात.

सोमवारपासून मुरुडची पाहणी माझ्याकडे आहे. साहेब म्हणतात, फोनवर विचारा, दिवसाला पन्नास घरं उरका. मी म्हटलं, समोर बसून एकच होईल. आता काम दुसऱ्याला द्यायची भाषा चालू आहे. पण मी मागे हटणार नाही. आज लेखी कळवलं, त्यात उमरीची माझी चूकही लिहिली. तुमच्यापुढे मात्र कधी कबूल केली नाही, याचं वाईट वाटतं.

बाई, मुरुडला घरातली शेवटची बाई जेवून उठेपर्यंत मी जागची हलणार नाही. मग तुमचा तो प्रश्न कुठल्याही ओळीसमोर लिहा. उत्तर एकच असेल, मी पाहिलं.

तुमची,
सुरेखा