मधातला भात

अश्वजितच्या बाबाले पुण्याहून सुमनचा जय भीम.

फोनवर तुम्ही नुसतं "हो, हो" करता, म्हणून लिहून राहिली. सूनबाई आन् बाळ दोघंही मस्त आहेत. पण खरी मजा ऐका, मले मायक्रोवेव्ह चालवता येते!

पहिल्या दिवशी मी लाडवाचा रिकामा डबा, तुमचं नाव कोरलेला स्टीलचा, भात भरून आत ठेवला. अशा ठिणग्या उडाल्या की बाळंतीण रीना धावत आली! तवापासून काचेचंच भांडं.

काल तिच्यासाठी फ्रिजमधला भात गरम केला. काठाले बोट लावलं तर चटका बसला, म्हणून गरम झाला समजून वाढूनच राहिली होती. मधात, पार गाभ्यात, चमचा घालून पाहिलं तर बर्फ! बाळंतिणीले तसाच दिला असता तर? मग खालवर केला, पाणी शिंपडलं, झाकून पुन्हा फिरवला. बंद झाल्यावर दोन मिनिटं मुरू दिला, आपल्या चुलीवरच्यासारखा. सगळीकडून सारखी वाफ! मी तर टाळीच वाजवली.

तुम्ही तिकडे गावी, कोंढ्याले, सकाळचाच थंडा भात संध्याकाळी खाता काय? खोकला गेला काय?

व्हिडिओ कॉलवर त्या भातासारखे काठानं बरेच दिसता. मधात कसे आहात, ते लिहा.

तुमचीच,
सुमन