खुंटीमागे येणारी झाडं

सोमवार, ४
नोकरीचा पहिला दिवस! घरातली पहिली पदवीधर मी. आई गल्लीभर सांगत सुटलीय. ऑफिसलगत खोलीही मिळाली. दार रस्त्यावर, खिडकी मागे खाडीकडे. पूर्वी इथल्या थंडीत खारफुटी तग धरत नसे. आता हिवाळे ऊबदार झाले आणि ती नव्या किनाऱ्यांवर सरकतेय. शेवटच्या रोपापुढे दहा पावलांवर खुंटी ठोकायची, रोपं तिथवर पोचली की तक्त्यात नोंद, हे माझं काम. वादळात आडोसा देणारी गुणी झाडं! रविवारी आई कायमची राहायला येईल.

बुधवार, ६
रोपांनी खुंटी गाठलीसुद्धा. वर्षभराची मजल दोन दिवसांत! साहेब म्हणाले, मॅडम, टेप उलटा धरला असेल. चौकीदारकाका खो खो हसले. मी तीनदा मोजलं. साहेबांनी गेल्या वर्षीचाच आकडा लिहिला. खाली सही मात्र माझी हवी.

शुक्रवार, ८
काल मुद्दाम खुंटी रस्त्याच्या बाजूला ठोकली. आज रोपं तिकडेच वळलीत, डांबर फोडून. जिथे खुंटी, तिथे ती. साहेबांना हात जोडले, खुंट्या थांबवा. म्हणाले, तक्ता रिकामा ठेवता येत नाही. पदवी घेतलीत, आता जरा अक्कलही घ्या.

शनिवार, ९
सगळ्या खुंट्या उपटल्या. झाडं थांबली, खरंच थांबली! कुणी बघायलाही येईना. साहेब भडकले. म्हणे उद्या काका ठोकतील, नकाशात दाखवलेल्या जागी. कुठली जागा ते सांगेनात.

रविवार, सकाळ
ठोकल्याचा आवाज. खिडकी उघडली. काका निघून चालले होते. खुंटी माझ्याच भिंतीला लागून. उपटायला दाराकडे धावले, तोच फरशी उचकटली. मुळं — घोट्यांना, मग गुडघ्यांना — दारापाशीच आडवी पडले, तोंडात खारट चिखल. ओरडता येत नाही. हात तेवढे मोकळे.

दुपार
आई आली. दार वाजवतेय. अगं उघड की, पाय दुखले माझे, म्हणतेय. कडी लावलेली नाही, माझा हात तिथवर पोचत नाही. पान फाडलं, लिहिलं, आत येऊ नकोस, पळ. दाराखालच्या फटीतून सरकवलं —

उचललं तिने. हसतेय. बाई गं, किती सुरेख अक्षर, म्हणतेय.

आईला वाचता कुठे येतं. मी कशी विस —

म्हणते, थांब, आत येते, तूच वाचून दाख —